कितवी खेप

टाचणीबाईंची जीभ त्यांच्या तोंडातल्या टाचण्यांइतकीच टोचरी, हे त्यांच्या शिवणाच्या दुकानातलं कुठलंही गिऱ्हाईक सांगेल. गेल्या वर्षी सुनेला तिसऱ्या महिन्यात रक्त जायला लागलं आणि सगळं घरातल्या घरात आटोपलं, तेव्हा मात्र ही जीभ एकदाच बोलली. "तीन महिन्यांचं कसलं आलंय बाळ? मोजायचं नाही नि बोलायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." सून बिचारी खाली मान घालून काजं करत राहिली. पोरगी विसरली, असं बाई धरून चालल्या.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. "आमची पहिलटकरीण आहे हो, जपायला हवं," असं बाईंनी गल्लीभर सांगून टाकलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी "कितवी खेप?" असं सुनेला विचारलं, तरी सुनेआधी ह्याच म्हणाल्या, "पहिलटकरीण!"

सून खिडकीकडे बघत राहिली.

तिच्या रक्ताचा गट निगेटिव्ह निघाला, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा, आधी कधी दिवस राहून गेले असतील, अगदी थोडेसुद्धा, तर मला कळायला हवं. तेव्हा आईच्या रक्तानं बाळाच्या रक्ताशी वैर धरलेलं असू शकतं. ते मग पुढच्या बाळाच्या जिवावर उठतं."

"पण तसलं थोडंच कुणी मोजतं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"आम्ही पाळणे नाही मोजत, खेपा मोजतो. पहिल्यांदाच दिवस गेलेत ती पहिलटकरीण. आणि इतक्या लवकर गेलं तर जुने वैद्यसुद्धा त्याला गर्भस्राव म्हणत. वाहून गेलं म्हणून स्राव, पण गर्भ म्हणायला विसरत नसत."

सून बाईंकडे बघत होती. बोलू का, असं विचारत होती ती डोळ्यांनी! मेला कसला हा आपला धाक, पोटच्या लेकरासाठीही हिनं तोंड उघडू नये? बाईंना स्वतःची लाज वाटली.

"दुसरी खेप आहे," त्या म्हणाल्या. "पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. डॉक्टरकडे नेऊ दिलं नाही मी. मीच."

रक्त तपासायला गेलं. दोघी बाहेर बाकावर बसल्या, आणि सून चारचौघांत हमसून हमसून रडायला लागली. "गप गं, लोक बघताहेत" हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"रड," त्या म्हणाल्या. "चूक माझी. तिची शिक्षा ह्या बाळाला नको व्हायला."

दुपारी निकाल आला. रक्तात काही वावगं नव्हतं. रक्तानं पुढेही वैर धरू नये म्हणून सातव्या महिन्यात एक इंजेक्शन घ्यायचं, बाळंतपणानंतर गरज पडली तर आणखी एक. बाईंनी भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसले.

"आई, रागावणार नाही ना?" सून म्हणाली. "मी त्याचं नाव ठेवलं होतं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"कशी बोलणार होते?"

एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या बाईंनी कान पुढे केला. सुनेनं नाव सांगितलं. बाईंनी ते आधी हळूच म्हणून पाहिलं, मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्या नातवंडाचं नाव."