कोऱ्या पट्टीखालची पाठ

"अगं, सारजाच्या पाठीवर म्हणं त्या क्रीमनं..." शेजारची शकुबाई एवढंच बोलली. तेवढ्यात सारजाच हंडा घेऊन नळावर आली आणि बोलणं तिथंच तुटलं. ते मी पुरं करते. सारजाच्या पाठीला चिकटलेली मी कोरी पट्टी!

सारजा वरकुट्याची. तिची लेक संस्कृती दहावीला आहे. मुरुमांपायी पोरगी तोंडाला ओढणी गुंडाळून शाळेत जाते. बारामती एमआयडीसीत एका नव्या क्रीमची तपासणी निघाली. त्या क्रीमनं कातडीची छिद्रं बुजून मुरुमं येतात का, ते मोठ्या माणसांच्या पाठीवर बघायचं होतं. सारजा म्हणाली, "माझ्या पाठीवर बघा. मंगच पोरीच्या तोंडाला."

पाठीवर आम्ही दोन पट्ट्या, शेजारणी. दुसरीत क्रीम, माझ्यात काहीच नाही. माझ्याखालची कातडी होती तशी राहायची, म्हणजे क्रीमचं खरंखोटं कळतं. दोन दिवसांनी पट्टी बदलायची, जागा तीच. म्हणून माझ्याआधी तिथं लागलेल्या कोऱ्या बहिणींचंही मीच सांगते.

"पाठीला तेल लावायचं नाही," तपासणीच्या मॅडमनी बजावलं होतं.

पण सासूनं, प्रयागबाईंनी, पट्ट्या पाहिल्या. "पाठ धरली व्हय गं? आन सांगायचं न्हाय?"

परक्यांना पाठ दाखवून येते, हे सारजाला सांगवेना. "व्हय आत्याबाई, दुखतीय जरा."

झालं! म्हातारी रोज कोमट खोबरेल चोळायला लागली. "बघ, कशी मऊ पडली!" मायेचा हात, नको कसं म्हणावं? तेल माझ्या कडेनं आत झिरपायचं. मॅडमकडं जायच्या दिवशी सारजा पाठ साबणानं घासून निघायची.

आज शेवटची तपासणी. क्रीमखाली पुटकुळ्या निघाल्या. माझ्याखालीही तेवढ्याच!

"कोऱ्या पट्टीखाली कशा?" मॅडम भिंग धरून म्हणाल्या. लाजेनं माझ्या कडा वळल्या. सारजाची मान तर माझ्याहून खाली गेली. वाटलं, आता गप्प बसेल.

"तेल लागलंय मॅडम. रोज. घरी खोटं बोलले मी," ती पुटपुटली. "मंग संस्कृतीला ही क्रीम लावू का नगं?"

"आता कसं सांगू? तुमची तपासणी बाद झाली."

मी कचऱ्याच्या पिशवीत पडलेय. दाराबाहेर सारजा फोनवर आहे. "आत्याबाई, माझी पाठ दुखत नव्हती वो..."

शकुबाई, पाठ फुटली हे खरं. क्रीमनं फुटली की तेलानं, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. आणि तेवढं सांगायलाच तर मला लावलं होतं.