मानाची काळी साडी

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभरात मी घरातल्यांना वेडं करून सोडलं. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा कपाळावर सरकवायचा, एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा झाकून. बाथरूममधली बादली डाव्या डोळ्याला मळकट, उजव्याला लख्ख निळी. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिवळा पडत जातो आणि निळा रंग गिळून टाकतो. इतकी वर्षं मी निळ्याशिवाय काढली आणि मला पत्ताच नाही.

मग मुलुंडभर निळं शोधत हिंडले. समोरच्या चाळीवरची ताडपत्री, चौकातले भीमजयंतीचे झेंडे, कुत्री येऊ नयेत म्हणून जिन्याशी ठेवलेल्या निळीच्या पाण्याच्या बाटल्या. सोसायटीतलं कुत्रं त्याच बाटल्यांना टेकून झोपतं, तो भाग वेगळा. घरी येऊन कृष्णाच्या तसबिरीपाशी मात्र अडकले. कृष्ण काळा, हे लहानपणापासून ऐकत आले. मग तसबिरीत निळा कसा? मुका मार लागला तरी आपण ‘काळंनिळं’ असं एका दमात म्हणतो. काळं कुठे संपतं नि निळं कुठे सुरू होतं, हे कुणी ठरवलंय? माझी सून गार्गी, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, हे सगळं ऐकत बसली होती. ती मध्येच उठून आत गेली.

ती का उठली ते मला कळलं.

दोन वर्षांपूर्वी, माझ्या सुबोधच्या साखरपुड्यात, गार्गीच्या आईने, जयंतीबाईंनी, मला मानाची साडी दिली. मी घडी उघडली आणि भर हॉलमध्ये विचारलं, शुभकार्यात काळी साडी? त्या म्हणाल्या, निळी आहे हो. मी म्हटलं, मला डोळे आहेत. त्यांनी साडीकडे नीट पाहिलं आणि गप्प झाल्या. मी ती कबुलीच समजले. गार्गी नंतर निळी म्हणाली, पण लेक आईचीच बाजू घेणार. सुबोध म्हणाला, डार्क निळी आहे. पुरुषांना रंगातलं काय कळतं? तेव्हापासून जयंतीबाईंनी आमचा उंबरा ओलांडलेला नाही. या रविवारी गार्गीचं डोहाळजेवण, आणि आई येणार नाही म्हणून पोरगी तोंड पाडून फिरते आहे.

कपाटाच्या तळातून साडी काढून गॅलरीत नेली. डाव्या डोळ्याने काळी. उजव्याने निळी, गर्द निळी, देखणी. मला स्वतःची लाज वाटली.

फॉल लावलेला नव्हता, तशीच नेसले आणि रिक्षा करून गोरेगावला गेले. जयंतीबाईंनी दार उघडलं, साडी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. चप्पल काढायच्या आधीच मी म्हटलं, "विहीणबाई, चूक माझी. ही निळीच आहे."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. पदर हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ.

"मला तर काळीच दिसते हो," त्या म्हणाल्या. "दुकानदार निळी म्हणाला, मी विश्वास ठेवला. तुम्ही बोललात तेव्हा नीट पाहिली, तर काळी. लेकीच्या साखरपुड्यात मी काळी साडी दिली. कुठल्या तोंडाने येणार होते तुमच्याकडे?"

दोन वर्षं मी या बाईला ताठ समजत होते. ती शरमेने घरात बसली होती, आणि ती शरम मी दिली होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांच्या जोरावर. मी त्यांना खुर्चीत बसवून मोतीबिंदूचं सगळं सांगितलं. त्यांनाही तेच झालं असणार, डोळे दाखवून घ्या, म्हटलं. पटेना त्यांना. लेक-जावई निळी म्हणायचे, तेही त्यांना आपली समजूत घालणंच वाटत होतं.

"रविवारी हीच नेसून मी गार्गीची ओटी भरणार आहे," मी म्हटलं. "कुणी काळी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे. तुम्ही फक्त या."

"आणि मला तिथेही काळीच दिसली तर?"

"दिसू दे. काळी दिसली तरी या."

त्या माझ्या पदरात तोंड लपवून रडल्या. मलाही आवरेना. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, रविवारी किती वाजता निघू?