तळाला बसलेलं औषध

मी एक जुनी औषधाची बाटली आहे. मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्ही आधी वास घ्याल, हे मला माहीत आहे. सगळेच घेतात. बाटलीवर कुणाचा लवकर विश्वास बसत नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात, भट्टीतल्या तापलेल्या काचेतून माझा जन्म झाला. आधी माझ्यात डोक्याला लावायचं तेल होतं. ते संपल्यावर भिवपुरीजवळच्या एका गावात, नामा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, मी कोनाड्यात रिकामी पडून होते. त्या काळी दवाखान्यात औषधाला बाटली घरून न्यावी लागे. नामाची बायको इंदूबाई हिच्या पोटात सारखी जळजळ होई. जेवली तरी आग, उपाशी राहिली तरी आग. म्हणून नामानं मला राखेनं घासलं आणि तिला घेऊन तो कर्जतला गेला.

डॉक्टर म्हणाले, "जठराला आतून सूज आहे. एक सूज चटकन येते आणि जाते. दुसरी आत मुरत राहते. हिची मुरलेली दिसते. तिखट बंद करा आणि औषध चुकवू नका."

औषधाच्या खिडकीशी गर्दी होती. कंपाउंडरनं माझ्यात पांढरं औषध भरलं, मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "हलवून घ्या हं." नामानं खिडकीत ठेवलेली आपली पिशवी मुकाट्यानं हलवून घेतली. मागच्या माणसाला जागा हवी असेल, असं त्याला वाटलं.

दारूबंदीचे दिवस होते. वाटेत एका हवालदारानं माझं बूच काढून वास घेतला. मग नामाच्या तोंडाचाही घेतला.

घरी नामाची आई अंबूबाई वाट बघत होती. "सूज? कुठं हाय सूज? पोट तर पाठीला लागलंय हिचं."

"आतून हाय म्हनले, आये."

"आतलं त्यांना दिसतं व्हय रं?"

सकाळी उठून पाहतात तर पांढरं सगळं माझ्या तळाला बसलेलं. वर नुसतं पाणी. अंबूबाईनं मला दारात उजेडाला धरलं.

"नामा, हे बघ. काल व्हतं का हे खाली?"

"नाय."

"मंग रातच्यात कुनी घातलं?"

सगळ्यांची नजर मोतीबाईकडं गेली. मोतीबाई म्हणजे नामाच्या धाकट्या भावाची, चांगोची बायको. दोघी जावांचं चुलीवरून बिनसलेलं होतं, आणि मोतीबाईच्या कमरेला पानाचा चुना कायम असे.

त्या दिवसापासून अंबूबाई वरचं पाणी तेवढं इंदूला पाजी आणि पांढरं उकिरड्यावर ओती. मोतीबाईच्या हातचं इंदूला देणं बंद झालं. नामा पुन्हा पुन्हा औषध भरून आणी. मला भाताच्या कणगीत लपवून ठेवलं, तरी सकाळी माझा तळ पांढराच. "हिला कनगी बी अडवत नाय," अंबूबाई म्हणाली. मी सगळं पाहत होते, पण बाटलीला कोण विचारतं?

इंदू वाळत चालली. शेवटी एका दुपारी चुन्याच्या संशयाची गोष्ट मोतीबाईच्या कानावर आली. ती तरातरा आत आली.

"मी चुना घातला काय? आना ती बाटली."

तळाचं सगळं तोंडात यावं म्हणून तिनं मला खडाखडा हलवलं आणि दोन मोठे घोट घेतले. मोतीबाईनं एक लांब ढेकर दिली.

"मेले का मी? अजून तरी नाय." मग जरा थांबून म्हणाली, "गार वाटतंय गं इंदू. तू बी पी."

इंदू पोट धरून हसली आणि प्यायली. त्या दिवशी पहिल्यांदा औषध तिच्या पोटात गेलं. आग कमी झाली. मोतीबाईच्या हातचा मऊ भात ती खाऊ लागली.

पण सूज मुरलेली होती, आणि मधले महिने ती नुसतं पाणीच प्यायली होती. भातकापणीच्या दिवसांत तिला चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी झाली. बैलगाडीतून कर्जतला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठं दुखायचं? जास्त कधी?" नामानं आईकडं पाहिलं. आईनं मोतीबाईकडं पाहिलं. कुणालाच सांगता येईना. इंदूला तर बोलता येत नव्हतं. ती परत आली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी बाटली घरात आली तर ती हलवून घ्या. आणि घरात कुणाचं पोट दुखलं, तर कुणी काय घातलं हे शोधत बसू नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, कुठं दुखतंय? त्या घरात संशय कुणावर होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंदूला कुठं दुखत होतं, हे एकट्या इंदूला.