शिक्का सरळ उमटला

मी एक टॅबलेट, घरगुती वापराचा. 'घरगुती' हा शब्द कचेरीत नाक मुरडून उच्चारतात, हे मला जपानातल्या ताकामात्सु शहरात आल्यावर कळलं. आता त्याचं वाईट वाटून घ्यायलाही थकलो आहे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. सोबत माझा प्रतिस्पर्धी होता, जाड रबरी कवचातला, खास धंद्यासाठी बनवलेला. दोघांतला जो निवडला जाईल, तोच सगळ्या कारागिरांच्या हाती जायचा. परीक्षा घ्यायला होत्या कार्यालयातल्या तोकुनागाबाई. बाई भलत्याच काटेकोर. त्यांनी एकेचाळीस कसोट्या लिहून काढल्या, आम्हाला टेबलावरून पाडलं, उन्हात तापवलं, ओल्या बोटांनी चाचपलं. पडण्यात तो जिंकला, बाकी बहुतेक ठिकाणी मी.

आम्हाला वापरून बघत होते इवासेकाका. वय बासष्ट, त्यातली चाळीस वर्षं लिफ्टच्या दोरांखाली गेलेली. प्रतिस्पर्धी दर पाच मिनिटांनी स्वतःला कुलूप घालायचा आणि अंगठा मागायचा. काकांच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा त्याला काही केल्या पटत नसे.

"बाई, हा मला चोर समजतो," काका म्हणाले. "हाच आला तर मी मार्चमध्ये घरी बसतो."

"घरी बसून काकूंचं डोकं खाणार का? थांबा, मी घरगुतीच पास करून घेते."

आमच्याकडे प्रस्ताव खालून वर जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपल्या नावाचा शिक्का मारतो. शिक्क्यांच्या रांगेत सर्वात मोठ्या साहेबांची चौकट डावीकडे. बाकीच्यांनी आपला शिक्का जरासा तिकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबांपुढे वाकल्यासारखा दिसतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडत कोणी नाही.

बाईंनी मोठ्या हौसेने प्रस्ताव माझ्यावरच फिरवला. तिघांनी माझ्यावर बोट टेकवलं आणि तिघांचे शिक्के सरळसोट उमटले. मला दुसरं काही येतच नव्हतं.

सर्वात मोठे साहेब म्हणजे काकिउचीसाहेब. त्यांनी ते शिक्के बराच वेळ निरखले. "तोकुनागाबाई, हे तिघं माझ्यासमोर छाती काढून का उभे आहेत?"

"यंत्रावर सरळच उमटतात, साहेब."

"आणि दुसऱ्या यंत्रावर?"

"त्यात कलण्याची सोय आहे."

"मग धंद्याला कोणतं लायक, हे मी सांगायला हवं का?"

बाईंनी मान खाली घातली. एवढ्या कसोट्या घेतल्या आणि नेमकी हीच राहून गेली, हे त्या पुढे कित्येक दिवस स्वतःशीच पुटपुटत असत.

रबरी कवचवाला कारागिरांच्या हाती गेला. काकांनी महिनाभर अंगठा पुसून पुसून पाहिला, दिवसातून चारदा कचेरीत फोन करून कुलूप उघडून घेतलं, आणि मार्चमध्ये राजीनामा दिला. मला फार वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी बाईंकडून मला मागून घेतलं आणि चहा निवेपर्यंत माझ्याशी बोलत बसले. कोणत्या इमारतीतली लिफ्ट कशाने रुसते, ते सगळं सांगितलं. "बंदरावरच्या हॉटेलात दमट हवेत दार अर्ध्यावर थांबतं. जोर लावू नका. वरच्या रुळात डाव्या टोकाला मीठ साचतं, ते पुसा."

बाईंनी माझ्यात साठवलेलं हे बोलणं कंपनीच्या यंत्रांवर घालायची परवानगी मागितली. घरगुती यंत्रातलं काही चालणार नाही, असं उत्तर आलं. एप्रिलमध्ये बाईंची बदली झाली आणि मी या कपाटात आलो.

आज सकाळपासून हवा दमट आहे. मघाशी बाहेर फोन वाजला. बंदरावरच्या हॉटेलात दार अडकलंय, आत एक म्हाताऱ्या बाई आहेत, आणि नवा कारागीर पहार मागतोय. काय करायचं ते माझ्यात काकांच्या आवाजात आहे. मला घरगुती म्हणा, हवं ते म्हणा, पण कोणीतरी हे कपाट उघडा.