फारूक टेलरचं शेवटचं कापड

लातूरच्या त्या हॉलमध्ये एकाहून एक नग जमले होते. एकानं काजळीत बुडवलेला कासरा भिंतीवर आपटून रेघा उठवल्या होत्या, दुसरीनं फरशीवर दोरा अंथरून नदी काढली होती. कागद-पेन्सिलीबाहेरचं रेखाटन, असा प्रदर्शनाचा विषय. जेबा देणार होती अब्बांचं कापड.

तिचे अब्बा, फारूक टेलर, चार महिन्यांपूर्वी अहमदपूरला दुकानातच गेले. मशीनशेजारी लेकीच्या कुर्त्याचं निळं कापड खडूनं बेतून ठेवलेलं. कात्री लावायची तेवढी राहिली. गिऱ्हाइकांचं कापड ते दुमडून अर्धंच बेतायचे, जेबाचं मात्र पुरतं उलगडून, दोन्ही बाजू. लाडकी लेक, दुसरं काय! असंच ती समजत आली. बाप गेला तरी तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आत सगळं बधिर. त्या खडूच्या रेघा जपायच्या, एवढंच कळत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी तिची अम्मी, दिलशाद, कापड घेऊन एसटीनं आली. पिशवी उघडली नि जेबा बघतच राहिली. कापड कोरं. वर कडक इस्त्री.

"अम्मी, रेघा कुठं गेल्या?"

"पाणी मारून इस्त्री केली की! लई चुरगळलं होतं. फारूक टेलरचं कापड असं लोकांम्होरं टांगायचं? काय म्हनले असते तुझे अब्बा?"

राग यायला हवा होता. तोही आला नाही. जेबानं कापड कोरंच टांगलं. प्रदर्शन भरवणारा रविकिरण हळूच म्हणाला, "खडू हाय, पुन्हा काढा की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," ती म्हणाली.

तेव्हा कुठं अम्मीच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षं दुकानातली काजं-बटणं तिनंच केलेली. तिनं पुढं होऊन कापडावर बोट टेकवलं.

"हितं गळा. हितं डावा खांदा. आन् उजवा हितं, अर्धा इंच खाली."

"खाली का?"

"तुझा खांदा उतरता हाय ना बेटा, पाळण्यातून पडलीस तवापासून. दोन्ही बाजू सारख्या न्हाईत, म्हणून तर तुझं कापड दुमडता येत नव्हतं. अब्बा म्हनले, पोरीला कधी कळायला नको, असंच शिवत जातो."

जेबाचा हात खांद्यावर गेला. अंगातला कुर्ताही अब्बांचाच, झ्याक बसलेला. एकोणतीस वर्षांत आरशानंसुद्धा चुगली केली नव्हती. आता पुढचा कुर्ता कुणीही शिवला तरी उजवीकडून ओघळणार. हे कळलं, आणि चार महिन्यांनी जेबा भर हॉलमध्ये हमसून हमसून रडली.