ओठांवरच्या मुंग्या

ओठ

"आल्या का मुंग्या?"

शिंपले सोलायच्या शेडमध्ये शंभर माणसं एका सुरात ओरडली, "आल्या, बाबा!"

चार दिवसांपासून खाडी लाल झाली होती. पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा, पाणी मात्र एकच. गावात आलेला पाणीबाबा म्हणाला, पलीकडच्यांनी करणी केलीय. उतारा अर्थात त्याच्याचकडे. याच खाडीतले शिंपले उकळून काढलेला रस.

"ओठ झिणझिणले की शक्ती अंगात उतरली! ज्याचे झिणझिणले नाहीत त्याच्या मनात पाप!"

मग नाही कोण म्हणणार?

शेडमधली एक सोलणारी गर्दीतून वाट काढत लेकीजवळ गेली. रोज पहिला शिंपला ओठाला लावायचा आणि मुंग्या आल्या तर टोपली फेकायची, हे शेडमधल्या बायकांचं जुनं वळण. तेच बाबाने उलटं फिरवलं होतं.

"तू प्यायलीस?"

"पेलाभर," लेक म्हणाली. "सगळ्यांदेखत पापी ठरू का, आई?"

बोटं

लेकीच्या हातून ओढणी सुटली. "आई, बोटं माझी वाटतच नाहीत गं."

तेवढ्यात पलीकडे दिलेल्या धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, शिंपले खाऊ नका! पाण्यात विषारी शेवाळ माजलंय. इकडे चार दिवसांपासून बंदी आहे. तुमच्याकडे पाटी नाही लावली?"

"नाही गं."

"कमाल आहे! पाणी दोघांचं आणि पाटी एकाच काठावर?"

सोलणारीने पेला भरून बाबापुढे धरला. "घ्या, महाराज."

"माझा उपवास आहे."

"पाण्याचाही?" तिने त्याची पिशवी उपडी केली. आतून दुकानातल्या सीलबंद पाण्याच्या बाटल्या घरंगळल्या. "मग पाप कुणाच्या मनात?"

मागे एकाच्या हातून पेला गळून पडला. उचलायला त्याची बोटं वळेनात.

श्वास

दाब. सोड.

दवाखान्यात लेकीच्या तोंडावर मुखवटा, त्याला जोडलेला रबरी फुगा सोलणारीच्या मुठीत. डॉक्टरीणबाई शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तसाच श्वास देत बोलत होत्या.

"यावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत श्वास आपण द्यायचा."

दाब. सोड.

"पण रस उकळलेला होता, बाई."

"उकळून हे विष जात नाही. आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, मग छाती. त्यालाच तो शक्ती म्हणत होता."

दाब.

"आणि करणी?"

"दोन्ही काठांची. शेतातलं खत, गटारं, सगळं खाडीत. त्यावरच हे शेवाळ पोसतं."

सोड.

मोठ्या दवाखान्याची गाडी यायला तीन तास लागले. तीन तास तिने मूठ थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतःहून श्वास घेतला. पहिला शब्द फुटला तो, "तहान."

आठवड्याने सोलणारीने शेडच्या दारावर खडूने लिहिलं, आणि धाकटीने पलीकडच्या काठावर तेच:

*ओठ झिणझिणले तर थुंका. कुणी चमत्कार पाजायला आला, तर पहिला घोट त्याला घ्यायला सांगा.*