विठाबाईंच्या नावाचा तेरडा

चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य अडीचशे शब्दांत बसवून शुक्रवारपर्यंत पाठवा, असं पुण्याहून मकरंदरावांनी फोनवर सांगितलं तेव्हा महांतेशला वाटलं, एवढंच ना? मकरंदराव एका विज्ञान कोशाचे संपादक. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या खंडात डॉ. कृष्णाबाई मोहिते यांची नोंद घ्यायची होती, आणि बंगळुरात बसून धड मराठीत चार ओळी लिहील असा बाईंचा विद्यार्थी शोधता शोधता ते महांतेशपर्यंत पोचले होते. महांतेश मूळचा खानापूरचा, घरात मराठी, शाळेत कन्नड. आता चोपन्न वर्षांचा. बोम्मसंद्र्याच्या एका औषधी अर्काच्या कारखान्यात तो सूक्ष्मदर्शकाखाली पावडरी तपासायचा. शतावरीच्या पोत्यात भलतं काय मिसळलंय ते हा माणूस चिमूटभर भुकटी पाहून सांगतो, अशी त्याची तिथे ख्याती होती. माणसाला ख्याती कशावरून मिळेल, काही सांगता येत नाही.

नोंद अवघड नव्हतीच. जन्म चिकपेटात, तीनशे वर्षांपूर्वी या गावात येऊन राहिलेल्या मराठी घरात. घरातल्या सगळ्यांचा विरोध असताना आईनं, विठाबाईंनी, हट्टानं कॉलेजात घातलं. मग डॉक्टरेट, तीस वर्षं शिकवणं, सतरा शोधनिबंध. सतरा निबंध लिहिलेली माणसं बंगळुरात पैशाला पासरी मिळतील. बाईंना कोशात जागा मिळणार होती ती एका तेरड्यामुळे.

१९९४ सालच्या भाद्रपदात बाई चार विद्यार्थ्यांना घेऊन खानापूरच्या जंगलात गेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पाय मुरगळला आणि त्या विश्रामगृहात अडकून पडल्या. मुलूख महांतेशचा, म्हणून त्याला एकट्याला वरच्या ओढ्याकडे पाठवलं. निघताना बजावलं, तेरडा दिसला तर मुळासकट आण, आणि असतील तेवढी सगळी रोपं आण, पाच-सहा संग्रहालयांना नमुने द्यावे लागतात. एका खडकावर सात रोपं होती. महांतेशनं सातही उपटली आणि सगळ्यांना मिळून एकच क्रमांक दिला. बंगळूरला परतल्यावर बाईंनी तो वाळवलेला नमुना टेबलावर घेतला आणि बघतच राहिल्या. असली पानं आणि असलं फूल एकाच रोपावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नवी जात होती ती. बाईंनी तिला आपल्या आईचं नाव दिलं.

पुढच्या भाद्रपदात त्या जिवंत फुलाचा फोटो काढायला गेल्या, तर खडक मोकळा. त्याच्या पुढच्या वर्षीही मोकळा. तेव्हापासून पंधरा पावसाळे बाई त्या जंगलात जात राहिल्या. पावसाळी सुट्टी म्हणजे खानापूर, हे ठरूनच गेलं होतं. महांतेश नोकरीला लागल्यावरही रजा टाकून बरोबर जायचा. शेवटी बाईंचा गुडघा गेला आणि फिरणं थांबलं. धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्या जातीपुढे 'बहुधा नामशेष' असा शेरा पडला. एका खडकावरची सात रोपं, एकदाच सापडलेली. अशा दुर्दैवी गोष्टींना कोशात मान असतो.

मंगळवारी महांतेश कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात गेला तो फक्त नमुन्याचा क्रमांक उतरवून घ्यायला. कपाटातून तो जाड कागद निघाला. त्यावर चिकटवलेलं रोप, खाली बाईंच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी, वर कोपऱ्यात फुलाची पुडी. तेरड्याचं फूल फार नाजूक. रोपाबरोबर दाबलं तर त्याचा नुसता डाग उरतो. म्हणून फुलं खुडून वेगळ्या पातळ कागदाच्या पुडीत दाबतात आणि पुडीवर रोपाचा क्रमांक घालतात. पेन्सिलीनं घालायचा, कारण पावसात शाई फुटते. हे बाई पहिल्याच दिवशी शिकवायच्या आणि दर दोन दिवसांनी त्यावरून कुणाला तरी झापायच्या.

पुडीवर एक फुटलेला निळा डाग होता. त्या डागावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, २१७. अक्षर महांतेशचं होतं.

एकतीस वर्षांत एकदाही न आठवलेली ती सकाळ एकाएकी समोर उभी राहिली. विश्रामगृहाचा व्हरांडा, रॉकेलचा स्टोव्ह, वर वाळत घातलेले कागद. ओढ्यावर पेन्सिल कुठेतरी पडली होती, म्हणून त्यानं खिशातल्या शाईच्या पेनानं आकडे घातले होते. सकाळी पाहिलं तर दोन पुड्यांवरचे आकडे पार विरघळलेले. एक वाटेत घेतलेल्या दुसऱ्या तेरड्याची, २१२ ची, आणि एक खडकावरच्या रोपांची, २१७ ची. कुठली कुठली? आत बाई पाय वर करून पडल्या होत्या. विचारायला गेला असता तर आधी शाईवरून चांगली तासंपट्टी झाली असती. त्यानं दोन्ही पुड्या हातात घेतल्या, थोडा वेळ पाहिल्या आणि अंदाजानं आकडे टाकले.

त्यानं सूक्ष्मदर्शक मागून घेतला. फुलाच्या देठावर बारीक दाट लव होती. कागदावरचं रोप मात्र खोडापासून पानापर्यंत गुळगुळीत. मग त्यानं २१२ चा कागद काढला. तिथलं रोप लवेनं भरलेलं, आणि पुडीतल्या फुलाचा देठ गुळगुळीत. दोन्ही जातींचे तेरडे घाटात पावलोपावली दिसतात, गुरंसुद्धा त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. एकाची पानं आणि दुसऱ्याचं फूल जोडून महांतेशनं एक नवी जात तयार केली होती. विठाबाईंच्या नावाचा तेरडा नामशेष झाला नव्हता, कारण तो कधी उगवलाच नव्हता.

संग्रहातून बाहेर पडल्यावर तो पायऱ्यांवरच बसला. बाईंचे पंधरा पावसाळे त्याच्या डोळ्यांपुढून जात होते, चिखल, जळवा, खडकांवर ओणवं होऊन एकेक पान उलटून पाहणाऱ्या बाई. हे सगळं त्याच्या एका आकड्यापायी. त्याला रडायला आलं आणि तो रडला.

बुधवारी त्यानं मकरंदरावांना आडून आडून विचारलं, नोंद लिहिताना काही नवंच हाती लागलं तर?

"छापून आलंय का कुठे?"

"नाही."

"मग नको," मकरंदराव म्हणाले. "कोशात शोध लावायचा नसतो हो, लागलेला शोध लिहायचा असतो. तुम्हाला काय सापडलंय?"

"समजा, ती जात खरी नाही असं निघालं."

"तसं असेल तर नोंद कशाची करायची, महांतेशराव? काढूनच टाकावी लागेल. तसं काही आहे का?"

"बघून सांगतो," महांतेश म्हणाला.

गुरुवारी त्यानं रजा टाकली, मेट्रोनं चिकपेटला उतरला आणि साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या हमालांमधून वाट काढत बाईंच्या घरी गेला. जरीच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर बाई भाचीबरोबर राहायच्या. भाचीचं नाव वीणा. भावाची मुलगी, बँकेतून निवृत्त झालेली. दार तिनंच उघडलं.

"या अण्णा. आत्या सकाळपासून वेणी घालून बसलीये. जशी काही फोटोच काढायला येणारेत."

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं तेवढं पुसट दिसायचं, म्हणून त्या माणसाकडे तोंड न करता किंचित बाजूला पाहून बोलायच्या.

"आलास? बस. वाच काय लिहिलंस ते. स्वल्प हळू वाच."

महांतेशनं वाचलं. जन्म, आई, शिक्षण, आणि तो तेरडा. त्याबद्दल त्यानं एकच ओळ ठेवली होती, शोध लागल्याची. बाई ऐकत होत्या. आईचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"सरी, ठीक आहे. चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण एक वाक्य राहिलं. घे लिहून. 'या जातीची ज्ञात असलेली सातही रोपं डॉ. मोहिते यांच्या सांगण्यावरून मुळासकट उपटण्यात आली व त्यामुळे ही जात नष्ट झाली.'"

"बाई, हे काय?"

"खरं आहे ते. सगळी आण असं मीच म्हटलं होतं ना? एक तरी ठेव, असं सांगायला काय झालं होतं माझ्या जिभेला? पाच संग्रहालयांना नमुने पाठवायची हौस मला. आईचं नाव दिलं, आणि आईचं नाव दिलेलं झाड मीच मुळासकट संपवलं. एकतीस वर्षं झाली, महांता. रात्री झोपताना मी तिची क्षमा मागते. आता पुस्तकात येऊ दे. लोकांना कळू दे."

वीणा चहाचे कप घेऊन दारातच थांबली. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

महांतेश खुर्चीतून उठला आणि बाईंच्या पायाशी जमिनीवर बसला. "बाई, ऐका माझं. ती जात नष्ट झालेली नाही ओ. ती नव्हतीच. पुड्यांची अदलाबदल झाली होती. मी शाईनं आकडे घातले, ते फुटले, मी अंदाजानं नवे टाकले. फूल दोनशे बाराचं होतं, रोप दोनशे सतराचं. परवा सूक्ष्मदर्शकाखाली बघून आलोय मी. सातही रोपं साध्या तेरड्याची होती. तुम्ही काही संपवलं नाही. चूक माझी, सगळी माझी."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आता बाई रागावतील, ओरडतील, कदाचित हाकलून देतील, आणि ते सगळं त्याला चालणार होतं.

बाई हसल्या. अगदी मायेनं हसल्या आणि चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुधारला नाहीस तू. २००९ साली काय म्हणाला होतास मला? 'बाई, ओढ्यापलीकडे तसलंच फूल दिसलं.' आठवतं?"

त्याला आठवत होतं. त्या वर्षी बाई फार खचल्या होत्या, जेवत नव्हत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून त्यानं ते ठोकून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता बाई ओढा ओलांडायला गेल्या आणि पडल्या. गुडघा गेला तो तेव्हाच.

"ते खोटं होतं, हे मला दवाखान्यातच कळलं," बाई म्हणाल्या. "रागावले नाही मी. माझं दुःख बघवत नाही तुला, म्हणून बोलतोस. आताही तेच करतोयस. शाई म्हणे! माझा विद्यार्थी शाईनं आकडे घालील?"

"बाई, देवाशपथ. फोटो आहेत माझ्याकडे." त्यानं मोबाइल काढला, आणि काढता काढताच त्याच्या लक्षात आलं की बाईंना तो दिसणार नाही. त्यानं तो वीणापुढे धरला. "वीणाताई, तुम्ही बघा. ही लव दिसते का? आणि इथे नाही, बघा की."

वीणानं चष्मा लावून पाहिलं. "मला सगळं तपकिरीच दिसतंय, अण्णा," ती ओशाळून म्हणाली.

"पुरे आता," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "हा गुन्हा तू अंगावर घेऊ नकोस. हात तुझे होते, हुकूम माझा होता. लिही वाक्य. मकरंदरावांचं पुस्तक आलं की वीणा मला वाचून दाखवणार आहे. वाक्य नसेल तर मला कळेल."

महांतेशनं लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या म्हणाल्या, "आईला आता तोंड दाखवता येईल मला." मग त्यांनी त्याला चहा प्यायला लावला.

चिकपेटच्या फलाटावर उभं राहून त्यानं नोंद पाठवली. दोन गाड्या आल्या आणि गेल्या, तो चढला नाही. मग फोन वाजला.

"उत्तम नोंद झालीये," मकरंदराव म्हणाले. "ते शेवटचं वाक्य विलक्षण आहे. पण त्याला आधार काय?"

"बाईंनी स्वतः सांगितलंय. आज. माझ्यासमोर."

"मग प्रश्नच नाही. शास्त्रज्ञाची स्वतःची कबुली, याहून मोठा आधार कुठला? ठेवतो मी. आणि काल तुम्ही काही शंका काढली होती, ती मिटली ना? नाही म्हणजे, आत्ता सांगा. उद्या पानं छपाईला जातात."

महांतेश फोन कानाला लावून उभा राहिला. सांगितलं तर बाईंचा तेरडा जाणार, नोंद जाणार, आईचं नाव जाणार. आणि बाई समजणार, महांतानं माझी कबुलीसुद्धा छापू दिली नाही. न सांगितलं तर जे पाप घडलंच नाही ते बाईंच्या नावावर छापून येणार, शाळेतली पोरं ते वाचणार. दोन्हींतून सुटका नव्हती. आणि एवढं कळत असताना आपलं नाव कुठेच येणार नाही म्हणून मनाच्या कोपऱ्यात त्याला जरा सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्याला इतकी किळस आली की क्षणभर त्याचे डोळे मिटले.

"महांतेशराव? ऐकताय ना? मिटली ना शंका?"

"मिटली," महांतेश म्हणाला.